इलेक्ट्रिकल विभागातलं संशोधन: यादी कशी वाचायची

एका ताईंनी विचारलंय, थोडक्यात असं: "मुलीला इलेक्ट्रिकलला प्रवेश मिळतोय. कॉलेजच्या माहितीपत्रकात 'संशोधन क्षेत्रे' आणि 'उपलब्धी' अशी दोन पानं भरून यादी आहे. विजेत आता शोधायचं उरलंय तरी काय? यादी वाचून विभाग खरंच चांगला की नुसता गाजावाजा, हे कसं ओळखायचं? आणि मुलीला पुढे सबस्टेशन वगैरे झेपेल का?"

ताई, मी प्राध्यापक नाही. बत्तीस वर्षं रिले टेस्टिंग केलं. लाइनवर फॉल्ट आला की नेमका तेवढाच तुकडा बाजूला काढणारी यंत्रणा तपासायची, आणि भलतंच काही ट्रिप झालं की रात्री-अपरात्री जाऊन कारण शोधायचं, हे माझं काम. प्राध्यापक मंडळींशी संबंध यायचा तो देवाणघेवाणीचा: त्यांना आमच्या नोंदी हव्या असायच्या, आम्हाला त्यांचं डोकं. त्यामुळे यादी वाचायची माझी पद्धत थोडी अडाणी आहे. प्रत्येक ओळीपुढे मी एकच प्रश्न लिहितो: हे कॉलेजच्या फाटकाबाहेर कोण वापरतं? उदाहरणासाठी पवईच्या आयआयटी मुंबईचा इलेक्ट्रिकल विभाग घेतो. मुलीला तिथेच प्रवेश मिळतोय असं नाही, पण त्याच्या कामाची माहिती उघडी आहे आणि त्यातलं बरंचसं आपल्या मुलखाला येऊन भिडलेलं आहे.

आधी एक गैरसमज काढू. आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत इलेक्ट्रिकल वेगळं आणि इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम वेगळं. त्यामुळे इलेक्ट्रिकल म्हटलं की मोटर, ट्रान्सफॉर्मर आणि ग्रीस लागलेले हात डोळ्यापुढे येतात. पवईला हे सगळं एकाच छपराखाली आहे. ग्रिडवाले (म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यावर काम करणारे), पॉवर इलेक्ट्रॉनिक्सवाले, चिप बनवणारे, मोबाइल नेटवर्कवाले, आवाजावर काम करणारे, कंट्रोलची गणितं मांडणारे, सगळे एकाच विभागाचे. म्हणून तिथली यादी वाचताना एका ओळीत सौर पॅनेल आणि पुढच्या ओळीत राग यमन, असा प्रकार होतो. यमनाकडे नंतर येतो.

पहिल्यांदा माझ्या घरचं, म्हणजे ग्रिडचं.

३० जुलै २०१२. पहाटे अडीचच्या सुमारास उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास पुन्हा, आणि या खेपेला उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्य भारतही. सुरुवात झाली मध्य प्रदेशातल्या बिना-ग्वाल्हेर या ४०० केव्ही, म्हणजे चार लाख व्होल्टच्या, लाइनपासून. गंमत म्हणा की दुर्दैव, त्या लाइनवर फॉल्ट नव्हताच. ती ट्रिप केली डिस्टन्स रिलेच्या झोन थ्रीने.

हे जरा जवळून बघण्यासारखं आहे. डिस्टन्स रिले लाइनचं व्होल्टेज भागिले करंट एवढंच मोजत असतो. फॉल्ट झाला की व्होल्टेज पडतं, करंट वाढतो, भागाकार लहान होतो, आणि रिले म्हणतो, जवळच काहीतरी जळलंय, तोडा. झोन वन म्हणजे स्वतःची लाइन, तिथे ताबडतोब तोडायचं. झोन थ्री म्हणजे शेजारच्याच्याही पलीकडची राखण: शेजारी झोपला असेल तर सेकंदभर थांबून आपण तोडायचं. अडचण अशी, की लाइनवर वाजवीपेक्षा फार लोड आला आणि व्होल्टेज खाली बसलं, तरी भागाकार लहान होतो. रिले बिचारा आकडाच बघतो. त्याला लोड आणि लांबचा फॉल्ट सारखेच दिसतात. एक लाइन सुटली की तिचा लोड दुसरीवर, मग ती सुटते, मग तिसरी.

मी स्वतः हा प्रकार एका सबस्टेशनात पाहिला आहे, अर्थात फार छोट्या प्रमाणावर. उन्हाळ्यात शेजारची लाइन दुरुस्तीला काढलेली, आमच्या लाइनवर दुप्पट लोड, संध्याकाळी सातला फटकन ट्रिप. लाइन पेट्रोलिंग झालं, एक इन्सुलेटर फुटलेला नाही, झाडाची फांदी नाही, पक्षी नाही. रिलेमधली नोंद काढली तर तिन्ही फेजमध्ये करंट अगदी समान. फॉल्ट इतका नीटनेटका नसतो. आठ वर्षांपूर्वी कोणीतरी झोन थ्रीची सेटिंग टाकली होती, तेव्हा ती बरोबर होती. नंतर लोड वाढला आणि सेटिंगकडे कोणी पाहिलं नाही. त्या 'कोणी'मध्ये मीही होतो.

आता यात संशोधन काय करणार? दोन टोकांना काय चाललंय हे एकाच क्षणाला कळलं, तर लोड की फॉल्ट हे ओळखता येतं. त्यासाठी पीएमयू नावाचं यंत्र आहे. ते व्होल्टेज आणि करंटचा कोन, म्हणजे लहर त्या क्षणी आवर्तनात कुठे आहे ते, मोजतं आणि त्याच्यावर जीपीएसच्या घड्याळाचा शिक्का मारतं, सेकंदाला २५ ते ५० वेळा. आमचा जुना स्काडा, म्हणजे सबस्टेशनचे आकडे नियंत्रण कक्षाला कळवणारी यंत्रणा, दर काही सेकंदांनी आकडे पाठवायचा, तेही कुठल्या क्षणाचे याचा पत्ता नाही. आपल्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. म्हणजे घड्याळात १ मिलिसेकंदाची चूक झाली तर कोनात १८ अंशांची चूक. मायक्रोसेकंदाची चूक असेल तर ०.०१८ अंश. म्हणून जीपीएस.

देशभर अशी यंत्रं बसवण्याचा पॉवरग्रिड या सरकारी वीजवहन कंपनीचा मोठा प्रकल्प झाला. यंत्रं विकत मिळतात. त्यातून येणाऱ्या आकड्यांच्या महापुराचं करायचं काय, हे विकत मिळत नव्हतं. ते अ‍ॅनालिटिक्स पवईला प्रा. एस. ए. सोमण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. त्यात एक भाग अगदी वरच्या गोष्टीवरच आहे: झोन थ्रीवर देखरेख, म्हणजे रिले ओरडला तरी खरंच फॉल्ट आहे का हे बाकीच्या मोजमापांवरून पडताळणं.

पण मला जास्त भावलेला भाग दुसराच आहे, आणि माहितीपत्रकात तो कधी ठळक अक्षरांत येणार नाही. सीव्हीटीचं कॅलिब्रेशन. ४०० केव्ही थेट मोजता येत नाही, म्हणून कपॅसिटरच्या उंच रांजणासारख्या खांबातून, तोच सीव्हीटी, ते उतरवून पॅनेलवर ६३.५ व्होल्ट आणतात. वय झालं, आतला एखादा कपॅसिटर गेला, की ६३.५ चे ६४.५ होतात. आमची पद्धत काय? सबस्टेशनच्या यार्डात मार्शलिंग बॉक्स, म्हणजे तारा एकत्र येतात ती पेटी, उघडायचा, मल्टीमीटर लावायचा, तीन फेजचे आकडे वहीत लिहायचे, एक फेज बाकी दोघींपासून फटकून वागतेय का बघायचं. पावसाळ्यात बॉक्समध्ये पाली आणि मुंग्या. तर हेच काम, शेजारच्या सगळ्या सबस्टेशनांचे एका क्षणाचे आकडे एकमेकांशी ताडून, बॉक्स न उघडता करता येतं का, हा संशोधनाचा विषय आहे. ज्या प्राध्यापकाला हा प्रश्न सुचतो त्याने यार्डात उभं राहून पाहिलेलं असतं. घरात बसून हा प्रश्न सुचत नाही.

तिथलंच आणखी एक काम मला फार आवडतं. ग्रिडचा ताल, म्हणजे फ्रिक्वेन्सी, कळायला ४०० केव्हीच्या यार्डातच जायला पाहिजे असं नाही. घरातल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्येही तोच ताल असतो. तेव्हा वेगवेगळ्या गावांतल्या सॉकेटना मोजमापाची पेटी लावायची, जीपीएसचं घड्याळ जोडायचं, आणि इंटरनेटवरून सगळ्या नोंदी एकत्र बघायच्या. पीएमयू अजून दुर्मीळ होते तेव्हा पवईच्या लोकांनी हे केलं. खर्च किरकोळ, आणि कुठेतरी मोठं जनित्र बंद पडलं की फ्रिक्वेन्सीची लाट देशभर कशी पसरते ते कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या भिंतीवरच्या सॉकेटमधून दिसतं. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्ही लाइन जोडली गेली आणि दक्षिण भारत उरलेल्या देशाशी एका तालात आला. त्या दिवसापासून सोलापूरच्या आणि चेन्नईच्या सॉकेटमधला ठोका एकच. एवढ्या लांबलचक ग्रिडला मंद हेलकावे येतात, ते वेळीच दाबले नाहीत तर वाढत जातात, आणि ते ओळखायला हीच मोजमापं लागतात. विजेत शोधायचं काय उरलंय, याचं माझ्यापुरतं उत्तर इथेच संपतं. पण बाकीच्यांचंही सांगायला हवं.

सौर ऊर्जा. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं आणि त्याच सुमाराला पवईला सौर विजेवरचं राष्ट्रीय केंद्र, एनसीपीआरई, उभं राहिलं. प्रा. जुझर वासी हे त्यामागचं एक प्रमुख नाव, आणि ते याच विभागाचे. तिथे नव्या प्रकारचे सेल वगैरे बनतातच. पण त्यांनी केलेली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे २०१३ पासून काही वर्षांच्या अंतराने केलेलं देशभरातल्या पॅनेलांचं सर्वेक्षण. लडाखची थंडी, राजस्थानचं ऊन, किनाऱ्याची दमट हवा अशा निरनिराळ्या हवामानांत वर्षानुवर्षं उभी असलेली पॅनेलं जागेवर जाऊन मोजली. काळोख करून पॅनेलमध्ये बाहेरून करंट सोडायचा आणि खास कॅमेऱ्याने फोटो काढायचा: चांगला सेल उजळतो, चिरलेला भाग काळा राहतो. डोळ्यांना पॅनेल अगदी नवंकोरं दिसतं आणि फोटोत कोळ्याचं जाळं.

निष्कर्ष विक्रेत्यांना आवडणारे नव्हते. उष्ण भागातली पॅनेलं थंड भागातल्यांपेक्षा लवकर मावळतात. आणि छोट्या, घरांच्या छपरांवरच्या संचांची तब्येत मोठ्या जमिनीवरच्या प्रकल्पांपेक्षा वाईट. कारणं बघितली तर आपल्या घरचीच: छपराला चिकटवून बसवल्यामुळे पाठीमागून वारा नाही, त्यामुळे पॅनेल जास्त तापतं. शिवाय बसवताना मंडळी त्यावरून खुशाल चालतात, आणि सेल कागदापेक्षा थोडाच जाड. ताई, तुमच्या छपरावर पॅनेल बसवणार असाल तर खाली हातभर मोकळी जागा सोडायला सांगा आणि कारागीर त्यावर पाय देत असेल तर तिथल्या तिथे ओरडा. हा सल्ला फुकट दिसतो, पण त्यामागे लोकांनी उन्हातान्हात देशभर यंत्रं वाहून नेली आहेत.

चिपबद्दल वर्तमानपत्रांत बरंच येतं, म्हणून थोडं सांभाळून लिहितो. २०१९ मध्ये पवईने 'अजित' नावाचा ३२ बिटचा मायक्रोप्रोसेसर जाहीर केला. प्रा. माधव देसाई आणि त्यांच्या गटाचं काम. चिप घडली मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबमध्ये, १८० नॅनोमीटर तंत्रावर (हा आकडा जितका लहान तितकं तंत्र नवं). लगेच काही जण हसले: मोबाइलमध्ये ७ नॅनोमीटरच्या चिपा आणि हे १८० घेऊन बसलेत. पण वीजमीटरला, लिफ्टच्या कंट्रोलरला, सिग्नलला मोबाइलचा मेंदू लागत नाही. त्याला स्वस्त, थंड डोक्याची आणि आतून बाहेरून आपल्याला माहीत असलेली चिप लागते. मोहालीच्या त्या लॅबचा इतिहासही लक्षात ठेवा. फेब्रुवारी १९८९ मध्ये तिथे मोठी आग लागली, आणि देश चिपनिर्मितीत तेव्हा जगाच्या फार मागे नव्हता तो पुढे कित्येक वर्षं मागे पडला. त्यामुळे '१८० नॅनोमीटर' या आकड्याला मी तरी हसत नाही. मात्र यादीत 'स्वदेशी प्रोसेसर' असं वाचलं की मी पुढचं विचारतो: कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणारं साधन) आहे का, डीबगर (प्रोग्राममधल्या चुका शोधणारं) आहे का, बाहेरच्या माणसाला त्यावर प्रोग्राम लिहिता येतो का? अजितच्या बाबतीत टीमने ही साधनंही केली, म्हणून मी त्याला कामगिरी म्हणतो. (हो, कामगिरी. 'उपलब्धी' हा शब्द कुठून घुसला देव जाणे.)

चिपच्या बाबतीत तुमच्या मुलीच्या उपयोगाची एक गोष्ट आहे. २००६ मध्ये केंद्र सरकारच्या पैशातून पवई आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था (आयआयएससी) या दोन्हीकडे नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रं उभी झाली. क्लीनरूम, म्हणजे धुळीचा कणही मोजून आत सोडणारी खोली, चालवणं फार महागडं. सामान्य कॉलेजला ते परवडणारच नाही. म्हणून आयएनयूपी नावाची योजना आहे, तिच्यातून बाहेरच्या कॉलेजांतले शिक्षक आणि विद्यार्थी तिथे प्रशिक्षणाला जाऊ शकतात, स्वतःचं छोटं संशोधन करून घेऊ शकतात. सांगली, अमरावती, नांदेड, कुठलंही कॉलेज असो. तुमच्या कॉलेजच्या प्राध्यापकांपैकी कोणी त्यात कधी गेलंय का, हे जरूर विचारा.

टेलिकॉमचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडे छपरावरच्या अँटेनावर प्रक्षेपण यायचं ते एकट्या दूरदर्शनचं. त्यामुळे टीव्हीसाठी राखलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले बहुतेक रस्ते, म्हणजे चॅनेल, रिकामे असायचे. पवईच्या अभ्यासाप्रमाणे देशात जवळजवळ कुठेही गेलात तरी १५ पैकी निदान १२ रस्ते मोकळे होते. ही लहर झाडाझुडपांतून आणि टेकाडाआडून बऱ्यापैकी जाते, वायफायसारखी पहिल्याच आंब्याला अडत नाही. प्रा. अभय करंदीकर यांच्या गटाने हे पालघर जिल्ह्यात ७ गावांमध्ये उभारून दाखवलं, आणि पुढे काम २५ गावांपर्यंत नेलं. 'ग्राम मार्ग' हे त्या कामाचं नाव. २०१७ मध्ये मोझिलाचं आंतरराष्ट्रीय बक्षीसही मिळालं. मला बक्षिसापेक्षा पालघर महत्त्वाचं वाटतं. तिथे वीज जाते, टॉवरवर वीज कोसळते, पावसाळ्यात चार महिने चिखल. त्यातून यंत्र चाललं तर ते खरं चाललं.

आता यमन. प्रा. प्रीती राव यांच्या प्रयोगशाळेत हिंदुस्थानी गायनातून सुरावट वेगळी काढण्याचं काम झालं. तबला, तानपुरा, पेटी सगळं एकात मिसळलेलं असताना गायकाचा स्वर कुठे आहे, मींड कशी गेली, हे यंत्राने ओळखायचं. कानसेनांना यात विशेष वाटणार नाही, कारण आपला कान ते फुकटात करतो. यंत्राला मात्र पेटीचा आणि गळ्याचा स्वर एकाच जागी असला की घाम फुटतो. या प्रयोगशाळेतून पुढे एक कंपनीही निघाली, गाणाऱ्याच्या सुरातालाची पारख करणारी. आणि आवाजाचाच दुसरा विषय शेतकऱ्याला फोनवरून बाजारभाव सांगण्याचा. सहा भारतीय भाषांचा तो संयुक्त प्रकल्प होता, त्यातली मराठीची बाजू मुंबईतल्या संस्थांनी सांभाळली. महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचे आवाज गोळा केले. का, तर बाजार समितीच्या आवारात, मागे ट्रकचा भोंगा वाजत असताना, वऱ्हाडातला माणूस 'तूर' म्हणतो आणि मालवणातला 'काजू' म्हणतो, ते त्याच यंत्राला कळायला पाहिजे. स्टुडिओत बसून पुणेरी मराठीत वाचलेले शब्द इथे कामाचे नाहीत.

बाकीचं भरभर. सर्किटचं सिम्युलेशन करणारं 'सीक्वेल' हे सॉफ्टवेअर प्रा. महेश पाटील यांनी लिहून सगळ्यांना मोफत दिलं. विकतच्या सॉफ्टवेअरचं लायसन परवडत नाही अशा कॉलेजला त्याची किंमत कळते. प्रा. एच. नारायणन यांनी विद्युत जालांच्या सिद्धांतात केलेलं काम निखळ गणिताचं आहे. मला ते अर्धंही समजत नाही, आणि माझा 'बाहेर कोण वापरतं' हा प्रश्न तिथे लावू नये एवढं मला कळतं. कसोट्या अशाच असतात, एका जागी लागू होतात आणि दुसऱ्या जागी नाही.

आता तुमच्या हातातली यादी. 'स्मार्ट ग्रिड, आयओटी, एआय, इलेक्ट्रिक वाहने' असं लिहिलेलं असेल तर ते सगळ्यांकडे असतं. त्यावरून काही ठरवू नका. पेपरांची आणि पेटंटांची संख्याही सोडून द्या. 'पेटंट दाखल' आणि 'पेटंट मंजूर' यांत मोठं अंतर आहे, आणि बरीच माहितीपत्रकं पहिलाच आकडा छापतात. त्यापेक्षा मुलीला घेऊन एक दिवस विभागात जा. मशीन लॅबमध्ये तेलाचा वास येतो का बघा. ऑसिलोस्कोपवर कॅलिब्रेशनचं स्टिकर असतं, त्यावरची तारीख वाचा. एका कॉलेजात मला 'हाय व्होल्टेज संशोधन केंद्र' अशी पितळी पाटी दाखवली होती. किल्ली ज्या शिपायाकडे होती तो तीन दिवस रजेवर होता आणि तोपर्यंत कोणालाच तिची गरज पडली नव्हती. उलट दुसऱ्या एका लहान कॉलेजात एक तरुण शिक्षक गावच्या उपसा सिंचनाच्या पंपांच्या मोटरी का जळतात यावर मुलांकडून दोन वर्षं नोंदी घेत होता. व्होल्टेज किती पडतं, सिंगल फेजिंग (तीनपैकी एक फेज जाणं) कधी होतं, स्टार्टरमधला रिले वायरमनने तारेने बांधून ठेवलाय का. त्याचं नाव कुठल्या यादीत नव्हतं. प्रवेश घ्यायचाच तर मी त्याच्याकडे घेतला असता.

विद्यार्थ्यांशी बोला, तेही चौथ्या वर्षाच्या. प्रोजेक्ट काय केलं म्हणून विचारा आणि मग विचारा, 'चाललं नाही तेव्हा काय केलंस?' उत्तर देताना पोरगं रंगात आलं तर विभाग जिवंत आहे. 'सरांनी सांगितलं तसं केलं' असं म्हणालं तर तुम्हीच समजा.

राहिला मुलीला झेपेल का हा प्रश्न. माझ्या शेवटच्या पाच-सहा वर्षांत टेस्टिंगच्या गटात दोन मुली होत्या. यार्डातलं ऊन त्यांना लागायचं तेवढंच मला लागायचं. खरी अडचण वेगळीच होती: बऱ्याच सबस्टेशनांत बायकांसाठी स्वच्छतागृहच नव्हतं. त्यातल्या एकीने त्यासाठी तीन वेळा अर्ज केला, तिसऱ्या वेळी सोबत स्वतः काढलेला नकाशा आणि अंदाजपत्रक जोडलं, आणि काम झालं. वर सांगितलेली संध्याकाळी सातची ट्रिपिंगही तिनेच सोडवली. तिन्ही फेजचे करंट समान आहेत, हे माझ्या आधी तिला दिसलं होतं.